पंचनाम्यात एक पान मुलांसाठी

(विदर्भ आणि मराठवाड्यातील सर्व जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र)



शेतकऱ्याने जीव दिल्याची खबर गावातून तहसीलला जाते आणि पुढचं सगळं काम शेवटी तुमच्या टेबलावर येतं. तलाठ्याचा अहवाल, पोलीस पाटलाचा जबाब, सातबारा, आठ-अ, सोसायटीचं किंवा बँकेचं थकबाकीचं पत्र, शवविच्छेदनाचा अहवाल. तुमच्या अध्यक्षतेखाली समिती बसते, प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं, आणि पात्र असेल तर एक लाखाची मदत मंजूर होते. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा फायलींमध्ये मुलं एकाच ठिकाणी भेटतात, वारसांच्या रकान्यात. नाव, वय, नातं. बाप गेला त्या दिवशी ते मूल कुठे होतं, त्याने काय पाहिलं, ते आता शाळेत जातं का, रात्री झोपतं का, हे विचारणारी एकही ओळ मला त्या कागदांत दिसली नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत शिकवलं आहे. वारसांच्या रकान्यातली ही मुलं माझ्या वर्गात बसलेली आहेत. त्यांच्यासाठी पंचनाम्याला एक पान जोडा आणि ते पान भरणाऱ्या माणसाला त्या मुलाकडे पुन्हा पुन्हा जायला लावा, एवढीच मागणी करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मागणी छोटी आहे, पण तिच्यामागे गेल्या तीस वर्षांचं संशोधन उभं आहे. ते तुमच्यापुढे ठेवते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात शेती क्षेत्रातल्या ११,२९० लोकांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतल्या ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातल्या. हा आकडा आपण इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो नुसता कानावरून जातो. त्यातल्या प्रत्येक घरात मुलं किती होती, हे मात्र तो आकडा सांगत नाही. स्वीडनमध्ये जन्ममृत्यूच्या आणि रुग्णालयांच्या नोंदी पिढ्यान् पिढ्या नीट ठेवलेल्या असतात. त्यांचा अभ्यास करून अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी स्वीडिश सहकाऱ्यांबरोबर २०१० मध्ये एक निष्कर्ष मांडला. अठरा वर्षांच्या आत ज्यांच्या आईने किंवा वडिलांनी आत्महत्या केली, त्या मुलांनी पुढे स्वतः आत्महत्या करण्याचा धोका, आईवडील हयात असलेल्या मुलांच्या तिप्पट होता. आणि आईवडील गेले तेव्हा ज्यांचं वय अठराच्या पुढे होतं, त्यांच्यात असा वाढीव धोका दिसला नाही. म्हणजे धक्का केव्हा बसला याला महत्त्व आहे. वारसांच्या रकान्यातलं 'वय' तुम्ही आजवर अज्ञान-सज्ञान ठरवण्यासाठी वाचत आलात. ते या कारणासाठीही वाचायला हवं.

बालपणीच्या आघातांचं मोजमाप करण्याची आजची पद्धत अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात सुरू झाली. तिथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करणारा विभाग चालवत. त्यांच्या लक्षात आलं की उपचार अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यांमध्ये, ज्यांचं वजन उतरत होतं असेच लोक बरेच आहेत. त्यांच्याशी बोलताना लहानपणचे अत्याचार एकामागून एक बाहेर येऊ लागले. मग डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासोबत त्यांनी १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारलं. मार बसायचा का, अपमान व्हायचा का, लैंगिक अत्याचार झाला का, आईला मारहाण व्हायची का, घरात कुणी दारुडं होतं का, कुणाला मानसिक आजार होता का, कुणी जीव देण्याचा प्रयत्न केला होता का, कुणी तुरुंगात होतं का, आईवडील वेगळे झाले का, उपाशी किंवा दुर्लक्षित राहावं लागलं का. पहिला निबंध १९९८ मध्ये आला. याच लोकांच्या माहितीवरून २००१ मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांविषयी स्वतंत्र निबंध निघाला. ज्यांच्या बालपणात या यादीतलं काहीच नव्हतं, त्यांच्यातल्या सुमारे एक टक्का लोकांनी आयुष्यात कधीतरी जीव देण्याचा प्रयत्न केला होता. ज्यांच्या वाट्याला सात किंवा त्याहून अधिक गोष्टी आल्या होत्या, त्यांच्यात हे प्रमाण पस्तीस टक्क्यांवर गेलं होतं. पुढे २०१७ मध्ये अनेक देशांतले ३७ अभ्यास आणि अडीच लाख माणसं एकत्र घेऊन पाहिलं गेलं. चार किंवा अधिक आघात झेललेल्यांमध्ये जी जी दुखणी तपासली गेली, त्यांत सर्वांत घट्ट संबंध आत्महत्येच्या प्रयत्नाशीच निघाला.

आता ही यादी आपल्या गावावर ठेवून पाहा. मूळ अमेरिकी यादीत आईवडिलांचा घटस्फोट आहे, बापाचा मृत्यू नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जगभरासाठी जी प्रश्नावली केली, तिच्यात आईवडिलांपैकी कुणाचा मृत्यू आला, शाळेतली दादागिरी आली, गावातली हिंसा आली. तीही अठरा वर्षांवरच्यांना मागे वळून विचारण्यासाठी आहे. आपल्याकडच्या किती गोष्टी तरीही राहतात! वसुलीला दारात येऊन बापाला चारचौघांत बोलणारा माणूस, ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडाबरोबर दर दिवाळीनंतर सुटणारी शाळा, जात काढून केलेली हेटाळणी, आणि मुलीचं लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं, बीडमध्ये सुमारे ४४ टक्के. बाप गेल्यावर 'पोरीचं उरकून टाका' असं सांगणारे नातेवाईक तेराव्याच्या पंगतीत असतात. तुमच्या पानावर हा प्रश्न नसेल, तर ते पान परदेशातून मागवल्यासारखं होईल.

इथे मी तुम्हाला घाई करू देणार नाही. हे सगळं वाचून एखादा उत्साही अधिकारी प्रश्नावली छापून घेईल, प्रत्येक शाळेत वाटेल, मुलांना गुण देईल आणि चारच्या वरच्या मुलांची यादी करेल, अशी मला खरोखर भीती वाटते. तुम्ही महसूल खात्यातले, तुम्हाला पैसेवारी ठाऊक आहे. गावाची पैसेवारी पन्नासच्या खाली आली की गाव टंचाईत धरलं जातं, पण त्यावरून अमुक एका गटातल्या अमुक बांधापलीकडचं पीक जळालं की तरलं, हे कळत नाही. आघातांच्या गुणांचंही तसंच आहे. हजारो माणसांच्या समूहाबद्दल ते पुष्कळ सांगतात, एका मुलाबद्दल फार थोडं. ज्यांनी हे गुण तयार केले त्या डॉ. अँडांनीच २०२० मध्ये निबंध लिहून सावध केलं की एकेका व्यक्तीचं भविष्य ठरवायला ते वापरू नका. दोन मुलांचे गुण सारखे चार असतील आणि एकाने एकदा मार खाल्ला असेल, दुसऱ्याने रोज. शिवाय आठवणींचाही भरवसा नाही. लहानपणी ज्यांच्या छळाची प्रत्यक्ष नोंद झाली होती, त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी मोठेपणी विचारल्यावर तसं काही सांगितलं नाही, असं २०१९ मध्ये पंचवीस हजार लोकांच्या माहितीवरून दिसलं.

आणि मघाचा पस्तीस टक्क्यांचा आकडा उलटा वाचा. सात-सात आघात सोसून ज्यांनी कधीही जीव देण्याचा प्रयत्न केला नाही, असे त्यात पासष्ट टक्के आहेत. वर्गात ज्या मुलाच्या कपाळावर 'आत्महत्याग्रस्त' असा शिक्का बसतो, त्याला हे सांगणारं कुणी नसतं. त्या शब्दाने हाक मारलेली मुलं मी पाहिली आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना कारकून दारातून ओरडतो, 'आत्महत्याग्रस्तवाले कोण आहेत, हात वर करा.' हात वर होत नाहीत, माना खाली जातात. मूल्यमापन म्हणजे नवा शिक्का असेल तर ते न केलेलं बरं.

मग करायचं काय, हे मला एका मुलाकडून कळलं. त्याचं गाव किंवा शाळा सांगत नाही. नववीतला मुलगा, गणितात हुशार. वडील गेल्यानंतर तो पंधरा दिवसांनी शाळेत आला आणि रोज मधल्या सुट्टीत दप्तर ठेवून निघून जाऊ लागला. कधी पाचव्या तासाला परत यायचा, कधी नाही. हजेरीपटावर लाल शेरे वाढत गेले. मुख्याध्यापकांनी आईला बोलवा म्हटलं. एके दिवशी मी त्याच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेले आणि कुठे जातोस म्हणून विचारलं. 'घरी, मॅडम. आई एकटी हाये. पाहून येतो.' एवढंच. आई जिवंत आहे ना, हे तो रोज दुपारी पाहून येत होता. घरी गेला की आईला काही बोलायचा नाही, दारातून डोकवायचा, पाणी प्यायचा आणि उन्हातून परत यायचा. आईला वाटायचं, पोराला तहान लागते.

कोणत्या प्रश्नावलीत हे बसलं असतं? मार नाही, दारू नाही, अत्याचार नाही. पण जो प्रश्न त्याला विचारायला हवा होता तो अगदी साधा होता, आणि तो फाटकापर्यंत बरोबर चालल्यावरच विचारता आला. शाळेशेजारच्या अंगणवाडी सेविकेने रोज दुपारी त्याच्या घरी एक फेरी मारायची आणि मला फोन करायचा, असं आम्ही ठरवलं. मुलगा वर्गात थांबायला लागला, हळूहळू. या उपायाला एक रुपया खर्च आला नाही. पण तो त्या सेविकेच्या भलेपणावर चालला. सरकारचं काम भलेपणावर सोडता येत नाही म्हणूनच तुम्हाला लिहिते आहे.

त्या पानावर काय असावं, याचा मी खूप विचार केला आहे. मूल घटनेच्या वेळी कुठे होतं, त्याला कुणी आणि काय सांगितलं, हे आधी. पुष्कळ घरांत मुलांना 'हृदयविकार' सांगितला जातो आणि खरं त्यांना शाळेच्या नळावर कळतं. मग ते सध्या कुणाजवळ झोपतं, जेवतं का, शाळा सुटली का, कामाला लागलं का, लग्नाची बोलणी आहेत का, घरात वसुलीला कोण येतं, आई कशी आहे. बाप जाण्याआधी घरात मारहाण किंवा दारू होती का, हेही, पण पहिल्या भेटीत नाही. आणि निम्मं पान चांगल्या गोष्टींसाठी ठेवा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांना बालपणातल्या सुखाच्या सात गोष्टी विचारल्या होत्या. घरात मनातलं बोलता यायचं का, मित्र पाठीशी असायचे का, शाळा आपली वाटायची का, आईवडिलांखेरीज निदान दोन मोठी माणसं तुमच्याकडे मनापासून लक्ष द्यायची का. ज्यांना यांतल्या सहा-सात गोष्टी मिळाल्या होत्या, त्यांच्यात मोठेपणी नैराश्याची शक्यता बहात्तर टक्क्यांनी कमी होती, आणि ही बाब आघात सोसलेल्यांनाही लागू पडली. या मुलाची ती दोन माणसं कोण? मामा, शेजारची काकू, कबड्डी शिकवणारे सर, कुणीही. त्यांची नावं पानावर लिहा. नावं सापडली नाहीत तर तोच त्या पानावरचा सगळ्यांत गंभीर शेरा समजा.

मोठ्या मुलांना 'तुला जीव नकोसा वाटतो का' हे सरळ विचारावं. विचारल्याने डोक्यात नसलेलं येतं, ही आपल्याकडची मोठी भीती आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत दोन हजारांवर विद्यार्थ्यांवर हे तपासलं गेलं आणि २००५ मध्ये निष्कर्ष आला की विचारल्याने मुलं अधिक अस्वस्थ झाली नाहीत. उलट कुणीतरी विचारतंय याने कित्येकांच्या जिवावरचं ओझं उतरतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. मात्र विचारणाऱ्याकडे पुढची वाट तयार हवी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या डॉक्टरांकडे न्यायला गाडी कोण देणार, एसटीचं भाडं कोण देणार, आई सोबत आली तर तिची मजुरी बुडते त्याचं काय. टेलि-मानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे दोन क्रमांक रात्रंदिवस चालू असतात, ते त्या पानाच्या खाली छापा आणि घरात भिंतीवर लिहून या. पण फोन नंबर देऊन आपण सुटलो असं कुणी समजू नये. ज्या घरातला एकच मोबाइल काकाच्या खिशात असतो, त्या घरातली मुलगी १०९८ कधी लावणार?

आणखी एक गोष्ट कायद्याची. मुलाने लैंगिक अत्याचाराचं सांगितलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ऐकणाऱ्याला ते पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून विचारणाऱ्या बाईला हे आधी शिकवायला हवं, आणि 'मी हे कुणाला सांगणार नाही' असं खोटं वचन तिने मुलाला देता कामा नये. कळवल्यावर मूल त्याच घरात राहणार असेल तर त्याच्यावर काय बेतेल, याचा विचार बालकल्याण समितीबरोबर आधीच झालेला हवा. उत्तराची तयारी नसताना प्रश्न विचारणं ही मुलाची फसवणूक आहे.

हे काम शिक्षकांच्या गळ्यात मारू नका, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. आम्हाला काळजी नाही म्हणून नव्हे. गोव्याच्या 'संगत' संस्थेने बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी शाळांत एक मोठा प्रयोग केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांत गावपातळीवरच्या प्रशिक्षित समुपदेशकांनी काम केलं, काही शाळांत तेच काम शिक्षकांकडे दिलं. समुपदेशकांच्या शाळांत दादागिरी, हिंसा, नैराश्य कमी झालं, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकांच्या शाळांत काहीच फरक पडला नाही. परीक्षा, पोषण आहार आणि निवडणुकीची कामं करून उरलेल्या वेळात मुलाचं मन ऐकायचं, हे जमत नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' या प्रकल्पात गावातल्या प्रशिक्षित माणसांनीच काम केलं. नैराश्य असताना मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. हे मुंबईहून आणलेले तज्ज्ञ नव्हते. आपल्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका हे करू शकतात, पण त्याचं वेगळं मानधन द्या, शिकवा, आणि एका बाईकडे पाचसहा मुलांपेक्षा जास्त देऊ नका. दोन वर्षं तरी तीच बाई त्या मुलाकडे गेली पाहिजे. दर वेळी नवा चेहरा आला की मुलाला तीच कथा पुन्हा सांगावी लागते.

आता अपात्र प्रकरणांविषयी. शेत आजोबांच्या नावावर होतं, कर्ज खासगी होतं, थकबाकीचा कागद मिळाला नाही, अशा कारणांनी प्रकरण अपात्र ठरतं. मदतीचे नियम तुम्हाला पाळावे लागतात, त्याबद्दल इथे वाद घालत नाही. पण बापाची आत्महत्या अपात्र ठरली म्हणून मुलाचं पोरकेपण अपात्र ठरत नाही. खरं तर त्याच्यावर दुहेरी बेतलेलं असतं. बाप गेला, आणि गावात म्हणतात की तो शेतीपायी गेलाच नाही, दुसरंच काही होतं. निकालाची वाट पाहत त्या घरात महिनोन् महिने याच चर्चेत दिवस जातात आणि मूल कोपऱ्यात बसून ऐकत असतं. हे पान पात्र-अपात्र ठरण्याआधी, पंचनाम्याबरोबरच भरलं जावं, आणि समितीच्या निकालाचा त्याच्याशी काही संबंध नसावा. शेतमजुराच्या मुलालाही ते लागू असावं. त्याच्याकडे तर सातबाराच नसतो.

बालसंगोपन योजनेत अशा मुलांना महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्जाला मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, बँकखातं लागतं, आणि नवरा गेलेली बाई हे सगळं गोळा करायला तालुक्याच्या फेऱ्या मारते. यातले निम्मे कागद तुमच्याच फायलीत आधीपासून पडलेले असतात. जी बाई मुलाकडे जाणार, तिनेच तो अर्ज भरून आणावा. भूक आणि मन या दोन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी नाहीत.

आणि कृपा करून धनादेश देतानाचे फोटो थांबवा. मान्यवर मध्ये उभे, बाजूला पांढऱ्या लुगड्यातली आजी, आणि समोर गणवेशात नऊ-दहा वर्षांचं मूल, हातात धनादेश. तो फोटो पेपरात येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि त्या मुलाच्या वर्गापर्यंत पोचतो. मदत बँकेतून खात्यात जमा करता येते.

ही सगळी सूत्रं एका हातात असलेला अधिकारी जिल्ह्यात एकच आहे, म्हणून मंत्रालयाला न लिहिता तुम्हाला लिहिलं. आत्महत्या प्रकरणांची समिती तुमची, जिल्हा बाल संरक्षण कक्ष तुमच्या देखरेखीखाली, बालविवाहाची खबर तुमच्याकडे येते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये आत्महत्या प्रतिबंधाचं राष्ट्रीय धोरण आणलं, २०३० पर्यंत आत्महत्यांनी होणारे मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट त्यात आहे. त्यासाठी कुणाला शोधत फिरायची गरज नाही. ज्यांचा धोका तिप्पट आहे, त्या मुलांची नावं आणि वयं तुमच्या अभिलेख कक्षात गेल्या वीस वर्षांच्या गठ्ठ्यांत आहेत. गेल्या पाच वर्षांच्या फायली काढायला लावा, वारसांच्या रकान्यातली अठराच्या आतली नावं वेगळी करा, आणि समितीच्या पुढच्या बैठकीला जिल्हा बाल संरक्षण अधिकारी आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे मानसोपचारतज्ज्ञ यांना बोलवा. त्या पानाचा मसुदा मी आणि माझ्यासारख्या काही शिक्षिकांनी तयार केला आहे. बोलावलंत तर आम्ही तो घेऊन स्वखर्चाने येऊ.

आपली,
यवतमाळ जिल्ह्यातील एक शिक्षिका